टाकीतला गंज

अण्णा गेल्यावर त्यांची आरएक्स १०० दोन पावसाळे गोठ्यात उभी होती. दादानं ती ड्रॅगसाठी बांधायला काढली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. कंपनीचा आकडा ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती. त्यानं पोर्ट घासले, मोठा कार्ब्युरेटर बसवला, एक्झॉस्ट बदलला. माळाच्या रस्त्यावर ४०२ मीटर मोजून खुणा केल्या. दोन गिअर गाडी सुसाट जायची. तिसऱ्यात आरपीएम चढला की जीवच सोडायची.

मी बोलून बसलो, "पोर्ट जास्त घासलास तू." आणि घासलेला सिलिंडर काही परत भरत नाही. दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी म्हणाला, "बारक्या, पळव. जोर सुटला की क्लच दाब अन् इंजिन तिथंच बंद कर." प्लग काढला तर पांढराफटक. पेट्रोल कमी पडत होतं. आणखी ताणली असती तर पिस्टन जाम. मोठा जेट घातला, फरक नाही. मग नळी काढून बाटलीत सोडली. आधी धार, मग नुसतं ठिबक ठिबक. कॉकची जाळी टाकीतल्या गंजानं बुजलेली! हळू चालवताना तेवढं पुरायचं. वरच्या आरपीएमला कार्ब्युरेटरची वाटी रिकामी व्हायची.

टाकीत खडे घालून दोघांनी घुसळली. संध्याकाळी गाडी चौथ्यातही खुणेपर्यंत ओरडत गेली. परत आलो तर दादा तांबडा गाळ उकिरड्यावर ओतत होता.

"पोर्टचं काय म्हणत होतास?" मान वर न करता त्यानं विचारलं.