दहा डॉलरचं इंजिन

जानेवारीच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये घराबाहेर पडायला तसंच कारण लागतं. माझं कारण म्हणजे वेस्ट स्प्रिंगफील्डला भरणारं अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन. जत्रेच्या मैदानावरच्या मोठाल्या इमारती, आत धावणाऱ्या चिमुकल्या गाड्या आणि टेबलांमागून टेबलं जुना माल. मिरज जंक्शनच्या भोंग्यांवर वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मी एचओ स्केलवाला. म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकार, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर. डिजिटल डिकोडर आणि आवाज असलेलं नवं इंजिन २०० डॉलरच्या पुढे सहज जातं, म्हणून मी जुनी, साधी डीसी इंजिनं शोधतो. शनिवारी नुसतं बघायचं, रविवारी दुपारी घ्यायचं. तोवर उरलेला माल परत गाडीत भरायचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला असतो. खिशात ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी ठेवायच्या. दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकवल्या की मोटर जिवंत आहे का ते कळतं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी एक आजी टेबल आवरत होत्या. सगळा संग्रह नवऱ्याचा, ते गेल्यावर विकायला काढलेला. एका खोक्यावर त्यांनी ‘बिघडलेली, १० डॉलर’ असं लिहिलं होतं. मी एका डिझेल इंजिनाला वायरी लावल्या. ते चाललं, पण लंगडत. टक... टक... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

हा आवाज मला ओळखीचा. धातूच्या आसावर बसवलेलं प्लॅस्टिकचं गिअर वर्षानुवर्षांनी आकसतं आणि चिरतं. चिरेच्या जागी दोन दातांमधली फट वाढते, इंजिन तिथे अडखळतं. नवं गिअर बसवलं की आजार संपला. खर्च चार-पाच डॉलर, वेळ अर्धा तास. आणि चालतं इंजिन कुठेही ५०-६० डॉलरला जातं.

खोक्यात अशी चार होती. मी ३० डॉलर म्हणालो, आजी ‘बरं’ म्हणाल्या. वर त्यांनी ती एकेक करून कागदात गुंडाळून दिली.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल केला. तिचा नेहमीचा प्रश्न, “कितीला बसलं?” मी सगळी हुशारी रंगवून सांगितली. आई मंडईत भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घालते, त्यामुळे शाबासकी ठरलेलीच होती.

ती म्हणाली, “म्हणजे त्यांना ते माहीत नव्हतं?”

“नाही.”

“आणि तुला माहीत होतं.”

मग तिने स्वेटर का घातला नाहीस ते विचारलं.

मी गिअर बदलले. चारही इंजिनं आता झकास पळतात. पुढच्या वर्षी त्या आजींना शोधलं. त्या जागी दुसरंच कुणीतरी रुळांचे तुकडे विकत होतं.

आता बॅटरीसोबत खिशात दोन-चार गिअरही असतात. टक-टक ऐकू आली की आधी काय झालंय ते सांगतो, मग भाव करतो. कुणी लगेच किंमत वाढवतं, कुणी गिअर मागून घेतं आणि इंजिन विकायचंच रद्द करतं. गेल्या जानेवारीत एकही इंजिन न घेता परतलो. आईने विचारलं, “कितीला बसलं?” म्हटलं, “तिकीट आणि पेट्रोल.”