पिसांची माशी

आम्ही पाचूबंदरच्या डोलकराची मुले. मासेमारी म्हणजे भरती-ओहोटीचा हिशेब आणि त्यामागून चुलीचा, एवढेच आम्हांला ठाऊक. म्हणून कॅनडात स्थायिक झालेल्या धाकट्याने दादाला व आम्हांला मे महिन्यात ॲल्गोनक्विनच्या अरण्यात नेले, तेव्हा त्याचा खेळ पाहून नवल वाटले. कॅनू खांद्यावर घेऊन रान तुडवायचे, निर्जन सरोवर गाठायचे आणि ट्राउटला पिसे-दोरा गुंडाळलेली खोटी माशी दाखवायची! (खऱ्या काळ्या माश्या आम्हांलाच फोडून खात होत्या.) १८९३ सालापासून राखीव असलेल्या या उद्यानात जिवंत माशांचे आमिष वर्ज्य आहे, त्यातून सुटलेले परके मासे मूळच्या ट्राउटचे अन्न पळवतात. पिसांच्या माशीला वजन नसते, ती जड दोरीच्या झोक्याने दूर जाते. मनगटाने घाई केली, की दोरी पायाशी गोळा.

ऊन कलताना दादाच्या गळाला ट्राउट लागला. हिरवट पाठीवर नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या कड्यांतले लाल ठिपके, खालच्या परांना पांढरी किनार.

"दादा, हात ओले करून धर, नाहीतर अंगावरचा चिकट थर जातो. आता सोड."

"खायचा नव्हता, तर दुखवला कशाला?"

आम्हांला दादाचेच पटले.

"सगळेच नेऊ लागले तर तळे किती दिवस पुरेल?" धाकटा म्हणाला.

डोलीत येणारी बोटभर पापलेटे आम्हां तिघांनाही आठवली असावीत. कोणी बोलले नाही. दादाने मासा सोडला.

दुसरा मात्र त्याने ठेवला. घरचा मसाला लावून तव्यावर टाकला. तिघांत एक मासा. काटे धाकट्याने चोखले.