गुंड गेला मुंबईला

पारशिवनीच्या माणसाला मुंबईला जायचं तर पूर्वी दोन गोष्टी लागत. विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन, आणि आमदार निवासात खाट मिळावी म्हणून कुणाची तरी चिठ्ठी. काम बहुतेक मंत्रालयातलं. साहेब दौऱ्यावर असले की दिवस मोकळा. ऐंशीच्या दशकात अशाच एका मोकळ्या दिवशी काकाजी म्हणाले, "चाल, तुले चोरबाजार दाखवतो." सोबत ताकीद: पाकीट आतल्या खिशात ठेव, आणि काही आवडलं तरी तोंडावर दाखवू नको.

भेंडीबाजारातली मटन स्ट्रीट. एवढीशी गल्ली, पण आम्ही सकाळी शिरलो ते दुपारी भुकेनेच बाहेर आलो. दारूखान्यात तोडलेल्या जहाजांवरची घड्याळं आणि दिवे, बंद पडलेल्या इराण्यांच्या हॉटेलातल्या खुर्च्या, कुण्या हवेलीतली झुंबरं, पाय नसलेले पियानो. सगळा श्रीमंत परका संसार. नागपूरच्या इतवारीत जुनं सामान पाहिलं होतं, पण ते आपल्यासारख्यांचं. इथे साहेब, पारशी शेठ आणि संस्थानिक यांच्या दिवाणखान्यांतून निघालेलं रस्त्यावर मांडलेलं. आम्ही ते प्रदर्शन पाहावं तसं पाहिलं. ओळखीची म्हणावी अशी एकच वस्तू दिसली, रविवर्म्याच्या लक्ष्मीचं छापील चित्र. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरी पोचले, आमच्याही ओसरीवर पोचले होते. चौकटीला वाळवी लागली होती, म्हणून काकाजींनी ते मागच्याच वर्षी काढून टाकलं होतं. दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

परवा पुन्हा गेलो. आता समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून अखेरच्या टप्प्यापर्यंत खुला. चिठ्ठीही लागत नाही, खोली मोबाईलवर मिळते. मोहम्मद अली रोडवर मात्र एक गंमत झाली आहे. २००२ पासून जे.जे. उड्डाणपूल आहे, आणि त्यावरून जाणाऱ्याला खालचा बाजार दिसतच नाही. भेंडीबाजारच्या साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासात जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहताहेत. शुक्रवारी मटन स्ट्रीटची दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे टॉर्च मारून माल पाहणारे अजूनही आहेत, फक्त टॉर्च आता फोनचा.

माल मात्र बदलला. म्हणजे दोन अर्थांनी.

एक तर जुनं म्हणून नवंच फार आलंय. भोंग्याचे ग्रामोफोन रांगेने उभे, पितळ चकचकीत, पेटी कालची, आतलं यंत्र तेवढं कुठल्या तरी खऱ्या मशीनचं. होकायंत्रांवर लंडनचं नाव आणि १८८५ चा ठसा, आणि सगळ्यांवर तोच ठसा. एच.एम.टी.च्या घड्याळांची तर कमालच. कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, पण इथल्या जनता आणि पायलटला लाल, हिरव्या, निळ्या तबकड्या बसवल्या आहेत. अशा रंगाचं घड्याळ आमच्या पिढीतल्या एकाही नवरदेवाने लग्नात घातलेलं मी पाहिलं नाही. खऱ्या होत्या त्या तव्यासारख्या काळ्या रेकॉर्डी, ७८ फेऱ्यांच्या. त्या लाखेच्या. लाखेचा किडा आमच्याकडच्या पळसावर वाढतो आणि तिचा मोठा व्यापार गोंदियात होता. तेव्हा बालगंधर्वांच्या गाण्याखाली थोडं आमचं जंगलही असेल.

दुसरा बदल मला जास्त लागला. परक्या संसाराच्या जागी आता आमचा संसार मांडलेला होता. कंदील, पायली, भोकाचा पैसा, मर्फीचा रेडिओ, घंगाळ, गडवा. आणि एका पायरीवर गुंड. पाण्याचा पितळी गुंड, आपल्याकडचाच. उभा गळा, पोटावर ठोक्यांची नक्षी, चुंबळीवर बसून बसून बूड एका अंगाला दबलेलं. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं. नाव घासून गेलं होतं; 'आंदण' आणि '१९६१' एवढं वाचता येत होतं.

"अँटिक पीस है," दुकानदार म्हणाला. साडेचार हजार.

१९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झाल्याशिवाय वस्तू पुरावस्तू ठरत नाही; हस्तलिखिताला पंच्याहत्तर पुरतात. शंभरी गाठलेली वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती विकायला परवाना लागतो. गुंडाला अजून बरीच वर्षं आहेत. पण मी कायदा सांगितला नाही, कारण माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होता. आमच्या घरचे गुंड, गंज, कोपर भंडाऱ्याच्या पितळेचे होते. सत्तरच्या दशकात स्टील आलं तेव्हा आईने ते सगळे इतवारीत मोडीच्या भावाने घातले आणि त्यात स्टीलचा अख्खा डबेसेट आणला. त्या दिवशी ती फार खूश होती. तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तरी दहा भांडी चिंच-राखेने घासावीत, कल्हईवाल्याची वाट पाहावी आणि भरलेला गुंड विहिरीवरून कमरेवर आणावा. पितळेची आठवण न घासणाऱ्यालाच जास्त येते.

तेव्हा गुंड वजनावर गेला, आता दिसण्यावर विकला जातो. तोल तोच, काटा बदलला. मी घासाघीस केली (नागपूरची हिंदी त्या कामाला उत्तम), चार हजारांवर तो थांबला, मी निघालो.

नंतर पाहुण्यांना घेऊन पेंचच्या जंगलाकडे गेलो. एका रिसॉर्टच्या रिसेप्शनला तसाच गुंड होता, आत कोरड्या गवताचे तुरे. शेजारी बैलगाडीचं चाक, वर कंदिलात बल्ब. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "साहेब, हे सगळं आम्ही खास मुंबईवरून मागवलं." मी विचारलं, गुंड कितीला पडला? साडेपाच, तो म्हणाला, आणि ट्रान्सपोर्ट वेगळा.