अर्धविरामाचा अश्रू

बुजगावण्याला अक्षरांचा चेहरा द्यायची एक जुनी गंमत जपानमध्ये आहे. हिरागाना लिपीतले दोन ‘हे’ म्हणजे भुवया, त्यांखाली दोन ‘नो’ म्हणजे डोळे, ‘मो’चं नाक, पुन्हा एक ‘हे’ म्हणजे तोंड, आणि गालापासून हनुवटीखालून वळसा घेणारी ‘जि’ची लांब रेघ. रेघा ओढताना म्हणायचं, हेनोहेनोमोहेजि. नाव म्हणून संपतं तेव्हा चेहरा पुरा झालेला असतो.

कळफलकावरच्या जपानी चेहऱ्यांचं कूळ मला इथेच दिसतं. त्यांना काओमोजी म्हणतात. काओ म्हणजे चेहरा, मोजी म्हणजे अक्षर. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेत स्कॉट फालमन यांनी :-) हे हसू सुचवलं होतं, पण ते बघायला मान कलती करावी लागते. १९८६ मध्ये जपानच्या आस्की नेटवर उमटलेला (^_^) मात्र ताठ उभा राहून आपल्याकडे पाहतो. त्याचं श्रेय वाकाबायाशी यासुशी यांना दिलं जातं. लिहिताना राहून गेलेला शब्द भरायला आपण जे काकपद घालतो, त्याचेच इथे हसरे डोळे झाले. तोंड? एक आडवी रेघ. ती हसत नाही, रडत नाही. सगळा भाव डोळ्यांत.

होक्काइदो विद्यापीठातले मासाकी युकी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये हेच तपासलं. भाव ओळखताना अमेरिकन माणसं तोंडाकडे अधिक पाहतात, जपानी माणसं डोळ्यांकडे, असं त्यांना आढळलं. मला त्यात नवल वाटलं नाही. ओठांना हसू शिकवता येतं, डोळ्यांना ते फारसं जमत नाही.

पुढे अक्षरांतून अख्खी चित्रंही उभी राहिली. मोना नावाची मांजर त्यांत सर्वांत लाडकी. तिच्यातली मोकळी जागासुद्धा मोजून ठेवलेली. टंक बदलला की कान एकीकडे, शेपूट दुसरीकडे.

तरी माझा जीव अडकतो तो अर्धविरामात. आपल्या वाक्यात तो श्वास घ्यायला थांबवतो. (;_;) या चेहऱ्यात तोच गालावर ओघळतो, वरचा ठिपका डोळा आणि खालची शेपटी आसू. त्याला डोळ्यातून उचलून कानशिलाशी ठेवा, (^_^;), आणि तो ओशाळलेल्या माणसाचा घाम होतो. चिन्ह तेच, बोटभर सरकलं एवढंच.

आणि माफी मागायची असेल तर (_ _). दोन्ही बाजूंना इंग्रजी एम ठेवतात, ते जमिनीला टेकलेले तळवे. मधे दोनच आडव्या रेघा आणि किंचित मोकळी जागा. एरवी सगळं बोलणारे डोळे इथे मिटलेले, कारण मान पुरती खाली गेलेली आहे.