राजाने कधी उतरावं?

जत्रेचा हंगाम सुरू झाला. वालावलच्या दशावतारात काल राजा झालेले बुवा सत्तरी ओलांडलेले. युद्धाच्या गिरक्या त्यांनी दोनातच आटपल्या आणि बाकड्यावर बसून प्रधानाला फैलावर घेतलं. लिहिलेली संहिता नसतेच, त्यामुळे दम लागला की तो संवादात लपवता येतो. पायपेटीवाल्याने आलाप लांबवून सांभाळून घेतलं. शेजारच्या काकांनी मात्र खुसपट काढलंच, "आता पुरे करूंक व्हया ह्यांनी!"

का म्हणून? ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅममध्ये रॉकगायक ऑझी ऑस्बर्न पार्किन्सन्समुळे सिंहासनावर बसूनच शेवटचं गायला. २२ जुलैला गेला. २०२५च्याच 'दशावतार' चित्रपटातल्या बाबुली मेस्त्रीची नजर अधू होत चाललेली, मुलाला वाटतं बापाने थांबावं. ती भूमिका केली ऐंशी पार केलेल्या दिलीप प्रभावळकरांनी! त्यांना कोण सांगणार?

रॉकवाल्याला निवृत्तीचा दौरा काढून तिकिटं खपवता येतात. आमच्याकडे रात्रीचं मानधन थांबलं की थांबलं. सरकार वृद्ध कलावंतांना महिन्याला ५००० देतं, औषधांतच संपतील. शिवाय टेम्पोतून रोज नवं गाव, जागरण, पहाटे दहीकाला, हे गुडघ्यांना विचारूनच करावं.

माझं मत विचाराल तर लढाया पोरांना द्याव्यात. पण दरबार बुवांचाच. काल प्रधानाचं पोर शब्दाला अडखळलं, तेव्हा बुवांनी त्याला असा काही प्रश्न टाकला की उत्तर आपसूक आलं आणि टाळीही त्यालाच मिळाली. काका तेव्हा खाजं आणायला गेले होते.