हा खरा का गं?

ऑक्टोबर २०२५मध्ये अभिनेते पंकज धीर गेले तेव्हा प्रत्येक बातमीत कर्णच होता. चोप्रांच्या 'महाभारता'तली कवचकुंडलं, तो कायम दुखावलेला चेहरा आणि खाली हळहळणारी माणसं. तिला त्या गर्दीत शिवदत्त सापडेना. चुनारगढचा राजा शिवदत्त, चंद्रकांतेपायी राज्य पणाला लावणारा, भरजरी कपड्यांतला. शोधून शोधून एका बातमीच्या तळाशी 'चंद्रकांता मालिकेतही भूमिका' एवढं अर्धं वाक्य मिळालं, तेव्हा आपल्या घरच्या माणसाला कुणी भर पंगतीतून उठवावं तसा तिला राग आला.

त्या रागातच तिने पुस्तक काढलं. कपाटात ते कित्येक वर्षं होतं. एका रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर घेतलेलं, पिवळट कागदाचं, देवकीनंदन खत्री यांचं 'चंद्रकांता'. आवडती मालिका पाहून झाल्यावर तिचं मूळ पुस्तक वाचावं की नाही, हा प्रश्न तिने इतकी वर्षं पुस्तक न उघडून सोडवला होता.

मालिका १९९४मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. रविवारी सकाळी. मिरजेच्या घरात तेव्हा अक्काआत्या होती आणि तिला हिंदी बेताचंच कळायचं. पण ती समोर बसायचीच, निवडायची भाजी पुढ्यात घेऊन. पडद्यावर कुणी नवा माणूस आला की तिचा एकच प्रश्न: "हा खरा का गं?" कारण त्या मालिकेत कुणाचाच भरवसा नव्हता. नायकाचा मित्र तेजसिंह म्हणून जो बोलतोय तो हनुवटीखाली बोटं घालून अख्खा चेहरा सालीसारखा ओढून काढायचा आणि आतून भलताच माणूस निघायचा. आत्या म्हणायची, "बघ, मला वाटलंच." तिला कधीच वाटलेलं नसायचं.

सगळ्यात गोंधळ बद्रीनाथचा. इरफान खान तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, पण तो ऐयार, म्हणजे वेष पालटणारा हेर, बद्रीनाथ होता आणि त्याचा जुळा भाऊ सोमनाथही तोच होता. म्हणजे मुखवटा ओढून काढला तरी खालचा चेहरा पुन्हा तोच. "नाही गं आत्या, हा दुसरा." "दुसरा म्हणजे खोटा?" "खोटा नाही, भाऊ." आत्या मेथीची जुडी खाली ठेवून पडद्याकडे बघत राहायची. ते तिचं बघणं कशाने म्हणून पुसलं जात नाही. मालिकेचा शेवट कसा झाला हे भाचीला आज धड सांगता येणार नाही. जुडी हातातून खाली ठेवली जाण्याचा तो क्षण मात्र अगदी घडीव आहे.

निर्मिती-दिग्दर्शन नीरजा गुलेरींचं. शिखा स्वरूप विजयगढची राजकन्या चंद्रकांता, शाहबाज खान नौगढचा राजपुत्र वीरेंद्र, आणि अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह, ज्याच्या भुवया कपाळावरून कानांकडे निघालेल्या असत आणि ज्याच्या 'यक्कू'ने त्या दोन वर्षांत शाळेच्या मैदानात दुसरा शब्द शिल्लक ठेवला नव्हता. घरात कौतुक वेगळ्याच दोघींचं. रूपमती झालेली वर्षा उसगावकर आपली, 'गंमत जंमत'मधली, म्हणून ती आली की स्वयंपाकघरातून माणसं बाहेर येत. आणि चपला झालेली दुर्गा जसराज व्ही. शांतारामांची नात, हे वडील दर रविवारी नव्याने सांगत.

आत्याला हे सगळं इतकं का रुचत होतं, ते पुढे कळलं. तिच्या ट्रंकेत गो. ना. दातारांची पुस्तकं होती, 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा'. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेल्या, भुयारांनी आणि वेषांतरांनी खच्चून भरलेल्या. म्हणजे हा माल तिने लहानपणीच पचवलेला होता. टीव्हीवर फक्त त्याला रंग आले होते.

कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयात 'चंद्रकांता' दिसली. काचेच्या कपाटात, कुलपात. मागितली तर काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "हिंदी वाचायचंय तर प्रेमचंद वाचा. हे साहित्य नव्हे." तिने प्रेमचंद वाचले, आवडलेही. पण ते वाक्य तिने आजवर त्यांना माफ केलेलं नाही. पुढे समजलं की ते त्यांचं स्वतःचं नव्हतंच. आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या 'हिंदी साहित्य का इतिहास'मध्ये खत्रींच्या कादंबऱ्या घटनाप्रधान ठरवून साहित्याच्या उंबऱ्याबाहेर बसवल्या आहेत. आणि तिथेच हेही नोंदवलंय की हिंदीला जेवढे वाचक या माणसाने मिळवून दिले तेवढे दुसऱ्या कुणी दिले नाहीत. ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून कितीतरी उर्दू जाणणारे नागरी लिपी शिकले. लोक अक्षरं शिकले ते जिच्यासाठी, ती साहित्यात नाही. शुक्लांचा अधिकार मोठा, पण या एका जागी त्यांचं ऐकू नये असं तिचं स्पष्ट मत आहे.

तर पुस्तक. उघडल्यावर पहिल्याच पानावर संध्याकाळ आहे, सुनसान मैदान आहे, टेकडीखाली दगडावर बसून वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह बोलताहेत. ना पार्श्वसंगीत, ना घोड्यांच्या टापा. दोन तरुण एका पत्राबद्दल बोलतात आणि कामाला लागतात. प्रकरणांना खत्री 'बयान' म्हणतात, आणि ती खरोखरच जबानीसारखी आहेत, छोटी, कोरडी, धावती. तिची पहिली तक्रार हीच होती की भुवया कुठे आहेत? पुस्तकातला क्रूरसिंह वजिराचा मुलगा आहे, पाजी आहे, पण साधा पाजी आहे. 'यक्कू' तर नाहीच. आणि डोक्यातला अखिलेंद्र मिश्रा जागचा हलत नाही. पाहिल्यानंतर वाचण्याची ही किंमत असते. चेहरे तयार मिळतात, परत करता येत नाहीत.

पण मग एके ठिकाणी बेशुद्ध पडलेल्या माणसाचा संशय येतो आणि ऐयार काय करतो, तर त्याचं तोंड पाण्याने धुतो. रंग उतरतो, खालचा माणूस दिसतो. बस्स. हनुवटीखाली बोटं नाहीत, साल ओढणं नाही. ती तिथे थांबली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो मुखवटा पुस्तकात नव्हता, तिथे लोटाभर पाणी होतं. तिला ते जास्त आवडलं. चेहरा ओढून काढणं ही जादू झाली. तोंड धुणं हे काम झालं.

आणि सगळं पुस्तकच कामाचं निघालं. ऐयाराच्या बटव्यात बेशुद्धीची पूड असते आणि शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा असतो. खत्री प्रस्तावनेतच सांगून टाकतात की हे लोक दरबारात नोकर असत, रूप पालटणं, औषधं, गाणंबजावणं, धावणं सगळं त्यांना येई आणि त्यांच्या हुशारीने रक्त न सांडता लढाया मिटत. मालिकेत नागिणी आणि मंत्रतंत्र होते. पुस्तकातल्या तिलिस्मात, म्हणजे मंतरलेल्या वाटणाऱ्या चक्रव्यूहात, कळा आणि चाप आहेत. पडक्या वाड्यात एक भलामोठा बगळा उभा आहे, जवळ जाणाऱ्याला गिळतो. लहानपणी हे वाचलं असतं तर ती रात्रभर जागली असती. पण खत्रींना बगळ्याची भीती दाखवून सोडवत नाही. तो माणसाला कसा गिळतो, हे यथावकाश त्यांना समजावूनही द्यायचं असतं.

यंत्र उघडून दाखवण्याची ही हौस कुठून आली असावी? खत्रींनी काशीनरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. १८८८मध्ये 'चंद्रकांता' येण्याआधी या माणसाने ती राने, दऱ्या, पडके किल्ले कामानिमित्त पायी तुडवले होते. ऐयार आणि तिलिस्म त्यांनी फारसी-उर्दू दास्तानांमधून घेतले, लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड त्याच दशकात निघू लागले होते. पण दास्तानीतली ठिकाणं नकाशावर शोधून सापडत नाहीत. खत्रींचं नौगढ आज चंदौली जिल्ह्यात आहे, विजयगढ सोनभद्रमध्ये, चुनार मिर्झापूरमध्ये गंगेच्या काठी.

विजयगढचं नाव तिने दुसरीकडे वाचलं होतं, ते आता मध्येच डोकं वर काढतं. १७८१मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या राजा चेतसिंहाकडे पैशांचा तगादा लावला, त्याला कैद केलं आणि शहर उसळलं. हेस्टिंग्ज पळाला तो चुनारच्या किल्ल्यात. म्हणजे शिवदत्ताकडे! त्या नोव्हेंबरात पॉपम नावाच्या मेजरने विजयगढ घेतला, चेतसिंहाची आई तिथे होती. हाच पॉपम आदल्या वर्षी रात्रीच्या अंधारात शिड्या लावून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिरला होता, महादजी शिंद्यांच्या. आणि राज्य गेलेला चेतसिंह शेवटी आसऱ्याला कुणाकडे गेला, तर महादजींकडेच. १८१०मध्ये तो ग्वाल्हेरला वारला. याचा चंद्रकांतेशी काही संबंध नाही. पण विजयगढच्या राजकन्येची गोष्ट वाचताना त्या किल्ल्यातून खाली उतरणारी एक खरी म्हातारी राजमाता दिसू लागली, आणि ती मालिकेत कधीच दिसली नव्हती.

दिवाळीत भाचा आला होता. त्याचा प्रश्न वेगळ्या पुस्तकांचा, पण तोच. 'गेम ऑफ थ्रोन्स' संपूर्ण पाहून झालंय, आता जॉर्ज मार्टिनची पुस्तकं वाचू का? "शेवट माहितीये ना मला, मावशी." तिने त्याला सांगितलं की कुठला शेवट? मालिका २०११ ते २०१९ चालली आणि संपली. मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११चं आहे आणि सहावं अजून यायचंय. त्यात तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी एक मेलेली बाई परत येते, ती मालिकेत येतच नाही. "कोण?" त्याने विचारलं. तिने सांगितलं नाही. तो पहिला खंड मागवून मोकळा झाला.

अपूर्ण मालिकांचं दुखणं खत्रींच्या वाचकांनाही ठाऊक होतं. 'चंद्रकांता'चे चार भाग, मग 'चंद्रकांता संतती'चे चोवीस, आणि मग त्यातल्याच एका बिलंदर ऐयाराची कहाणी, 'भूतनाथ'. ती लिहिता लिहिता १९१३मध्ये खत्री गेले. मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, ती पुढे लिहून पुरी केली. बापाचा ऐयार मुलाने चालवायचा म्हणजे केवढं वेषांतर! आत्या असती तर पहिल्या पानावरच विचारती झाली असती.

आणि मालिकेची पटकथा कुणाची, तर कमलेश्वर यांची. 'नई कहानी' चळवळीतले, मुंबईहून 'सारिका' चालवलेले, पुढे 'कितने पाकिस्तान'साठी साहित्य अकादमी मिळालेले कमलेश्वर. हे समजलं तेव्हा ती एकटीच हसली. उंबऱ्याबाहेर बसवलेली ती गोष्ट शंभरेक वर्षांनी एका अस्सल साहित्यिकाने हातात घेतली, तिला नागिणी, जुळे भाऊ आणि भुवया दिल्या. त्यांच्या कुठल्याही कथासंग्रहापेक्षा हेच लिखाण अक्काआत्यापर्यंत पोहोचलं, त्यांचं नाव माहीत नसताना.

बद्रीनाथचं पुढे काय होतं, हेही पुस्तकात आहे. शिवदत्ताचा हा ऐयार अखेर दुसऱ्या बाजूला येतो, वीरेंद्रच्या माणसांत मिसळतो आणि 'संतती'त त्यांचा भरवशाचा गडी होतो. इरफान २०२०मध्ये गेला. पुस्तकातला बद्रीनाथ त्याच्याच आवाजात बोलतो आणि इथे तिची तयार चेहऱ्यांबद्दलची तक्रार संपते.

ज्यांनी मालिका पाहिली त्यांनी पुस्तक वाचावंच, पण थेट 'संतती'ला हात घालू नये. चोवीस भागांत माणसं इतकी आहेत की चिठ्ठीवर नावं लिहून ठेवावी लागतात. आधी चार भागांची 'चंद्रकांता' घ्यावी. हिंदी सोपं, बोलीतलं आहे, शाळेत शिकलेलं पुरतं. आणि खत्रींच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क कधीच संपलेला असल्यामुळे ती इंटरनेटवर फुकटही वाचायला मिळते.