मनुकांचं सरबत आणि पांढरी वाईन

गेल्या वर्षी नव्याच्या सणाच्या आधी आम्ही तिघं भावंडं आईला घेऊन नेगेवच्या डोंगरातल्या एका द्राक्षमळ्यावर गेलो. दिमोनाहून येरुहाम, स्दे बोकेर मागे टाकलं की रस्ता चढायला लागतो आणि दोन्ही बाजूंना नुसता दगड. आई 86 वर्षांची आहे. खिडकीतून बघत म्हणाली, "इथं काय पिकणार? बोरंसुद्धा यायची नाहीत." आमच्या मनातही तेच होतं, पण सहल आम्हीच ठरवलेली, म्हणून गप्प बसलो.

मळा लहानच आहे. नवरा-बायको, त्यांची मुलगी आणि जावई मिळून सगळं बघतात. दोनच प्रकारची वाईन करतात, दोन्ही पांढऱ्या. एक कोरडी, एक गोड. शेती सेंद्रिय. रासायनिक औषध नाही, भुरीसाठी गंधक तेवढं मारतात. हवा इतकी कोरडी की आपल्या नाशिककडच्या बागाइतदारांना पावसानंतर रोगाची जी धास्ती असते ती इथे फारशी नाही. पाऊस वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर, बाकी सगळं ठिबकवर. त्रास आहे तो जनावरांचा. रानबकरे येतात आणि रात्री साळिंदर. ते साळिंदर आपल्या कोकणातल्याच जातीचं निघालं, हे ऐकून आईला उगाचच आनंद झाला.

या दगडांत द्राक्षं नवीन नाहीत. जवळच अवदातला बायझंटाइन काळातले द्राक्षं तुडवायचे दगडी हौद आजही बघता येतात. तिथे सापडलेल्या बियांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यांतलं एक बी आठव्या शतकातलं, आणि डीएनएवरून ते पांढऱ्या द्राक्षाचं ठरलं. मळ्याच्या मालकीणबाई हे इतक्या अभिमानाने सांगत होत्या की जणू ते बी त्यांच्या पणजीनेच टाकलेलं होतं.

त्यांनी आम्हाला टाक्या दाखवल्या. कोरड्या वाईनची द्राक्षं पहाटे अंधारात, थंड असतानाच खुडतात आणि लगेच रस काढतात. सालीबरोबर ठेवत नाहीत. यीस्ट रसातली साखर खात जातं, तिची दारू होते, आणि सगळी साखर संपली की वाईन कोरडी. गोडीसाठी मध्येच टाकी एकदम थंड करतात. यीस्ट झोपतं, मग ते गाळून काढतात आणि उरलेली साखर तशीच राहते.

इथे एक गंमत झाली. हे कुटुंब शब्बाथ पाळणारं नाही, पण वाईनला कोशेर प्रमाणपत्र आहे. त्यामुळे रस निघाल्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंत त्यांना स्वतःच्याच वाईनला हात लावता येत नाही. शब्बाथ पाळणारा एक तरुण ठेवलाय, नळ तोच सोडतो. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "मग वाईन कोणाची म्हणायची?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सावता, तुम्ही शब्बाथ पाळता ना? मग तुम्हीच सोडा नळ, मला तर मनाई आहे." आईने हात पुढे केलाही. तो तरुण मान हलवून नाही म्हणाला. आईला सावता म्हणजे आजी म्हटलेलं समजलं होतं आणि ही मानसुद्धा समजली. तो कोणालाच हो म्हणत नाही, नियमच तसा आहे. त्याला काय माहीत की समोरच्या बाईच्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणायचे, ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून! तरी परतताना गाडीत आई बराच वेळ 1964 सालाबद्दल बोलत होती. आपल्या लोकांच्या लग्नांवरून जेव्हा आजी-पणजीपर्यंत चौकशा होत होत्या आणि जेरुसलेमला आपली माणसं धरणं धरून बसली होती, तेव्हा ती ठाण्यात होती. आधी इकडे आलेल्या नातेवाइकांची पत्रं घरात मोठ्याने वाचली जायची, तेवढंच तिला ठाऊक.

पण आम्हाला सांगायचंय ते पुढे, मळ्यात झालं ते.

ऑगस्टमध्येच बहुतेक खुडणी झाली होती. फक्त चार ओळींवर घड होते. मस्कतची द्राक्षं, गोड वाईनसाठी मुद्दाम वेलीवर ठेवलेली. पाणी आटून साखर घट्ट होईपर्यंत थांबतात. मणी सोनेरी तपकिरी झाले होते, काही अगदी सुरकुतलेले. आईने एक तोडला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबला, बोटाला चिकटलेला रस बघितला आणि म्हणाली, "ह्या तर मनुका झाल्या. सासूबाई अशाच दाबून बघायच्या."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळलं.

वाचकहो, तुमच्यापैकी वयाने मोठे असतील त्यांना ते सरबत आठवत असेल. आमची आजी रेवदंड्याची. ठाण्यात वाण्याकडे ती काळ्या बियावाल्या मनुका घ्यायची आणि एकेक दाबून. चिकट नाही लागली तर परत पोत्यात. वाणी वैतागायचा. गुरुवारी रात्री त्या धुऊन पाण्यात, शुक्रवारी दुपारी हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळताना आम्ही वाटी घेऊन उभे. संध्याकाळी दिवे लागले की त्याच सरबतावर किद्दुश. कोशेर वाईन कोकणात कुठून यायची? आणि 1949 नंतर तर मुंबई राज्यात दारूबंदीच होती. आजीच्या सरबताला परवाना लागत नव्हता.

1969 साली आम्ही दिमोनाला आलो. पहिल्याच महिन्यात बाबांनी शेजाऱ्यांना शब्बाथच्या जेवणाला बोलावलं. आजीने सरबत पुढे केलं. शेजाऱ्याने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, औषध आहे का? मग घरी जाऊन तांबड्या वाईनची बाटली घेऊन आला. मनाने चांगला होता तो, पुढे वर्षानुवर्षं आमच्या उपयोगी पडला. पण पुढच्या शुक्रवारी बाबांनीच दुकानातून बाटली आणली. आजी काही बोलली नाही. काही आठवडे ती मनुका भिजवत राहिली. आम्ही तेव्हा शाळेतली पोरं, नवी हिब्रू शिकलेली. आम्ही तिला विचारायचो, "आजी, आज औषध नाही का?" आणि हसायचो. मग तिने भिजवणं सोडलं. किद्दुशच्या वेळी वाईनला फक्त ओठ लावायची. 1977 साली ती गेली.

आमची इतकी वर्षं समजूत हीच होती की ते गरिबांचं काम होतं, खरी वाईन मिळाली नाही म्हणून चालवून घेतलेलं. मळ्यावरून आल्यावर धाकट्याने शुल्हान आरूख काढलं. पांढऱ्या वाईनवर किद्दुश चालतो का, एवढंच त्याला बघायचं होतं, कारण दोन बाटल्या घेऊन आलो होतो. सोळाव्या शतकात स्फातला लिहिलेला हा ग्रंथ, शब्बाथच्या किद्दुशचं 272 वं प्रकरण. चौथं कलम पांढऱ्या वाईनचं. चालते, पण रामबानचा तिला साफ विरोध, असं तिथेच नोंदवलंय. आणि दोन कलमं पुढे मनुकांची वाईन. तीही चालते, फक्त मनुकांमध्ये ओलावा हवा. दाबल्यावर त्यातून काहीतरी निघालं पाहिजे.

धाकट्याने हे दोनदा वाचलं. आजीला अक्षरओळख मराठीचीसुद्धा जेमतेम होती. तिला हे कोणी सांगितलं? तिच्या आईने, तिला तिच्या आईने. पोत्यातल्या मनुका एकेक दाबायची ती कटकट म्हणजे कायदा होता, आणि पांढऱ्या वाईनविरुद्ध निदान एक मोठा आवाज उठला होता, तसा मनुकांबद्दल त्या कलमात नाही. औषध म्हणून हसलो होतो आम्ही.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? तुम्हाला काय वाटलं होतं?"

आता आमच्याकडे शुक्रवारी दोन्ही असतं. गोड पांढरी मुलं पितात. कोरडी आम्हाला फारशी जमली नाही, खरं सांगायचं तर आंबट लागते, माशाच्या कढीबरोबर मात्र बरी. किद्दुशचा पेला सरबताचा. बाजारातल्या बिनबियांच्या मनुका आईला पसंत नाहीत, मधली सून बिर-शेवाहून बियावाल्या शोधून आणते.

एक अडचण राहिली आहे. आजी एक रात्र भिजवायची हे नक्की. पण आईच्या माहेरी, अलिबागला, मनुका उकळून घ्यायचे, असं ती म्हणते, आणि किती वेळ ते तिला आठवत नाही. तुमच्या घरी कसं करत होते? पेणचे, पनवेलचे, म्हसळ्याचे कोणी असाल तर जरूर कळवा. आई वाट बघते आहे.